बॅग भरायच्या आधी फोन रिकामा करा (बडोद्याहून परदेशी निघालेल्यांसाठी)

आमच्या दांडिया बाजारात कोणी दुबईला निघालं की पहिली चर्चा अनारशांची होते. तिकडे खसखस चालत नाही, ड्रगमध्ये धरतात, म्हणून अनारसे डब्यातून बाहेर आणि लीलो चिवडो, भाखरवडी आत, हे आता गल्लीतल्या प्रत्येक काकूला पाठ आहे. पण त्याच काकूंच्या पर्समध्ये जो फोन असतो, हजारो फोटो, चाळीस ग्रुप, काकांच्या अँजिओग्राफीचे रिपोर्ट, पासबुकाचे फोटो आणि कुठल्या तरी पुतण्याने ढकललेले व्हिडिओ असलेला, तो तसाच्या तसा विमानात चढतो. आणि बॉर्डरवरचा ऑफिसर मागेल तर तो फोन उघडून बघू शकतो, बऱ्याच देशांत अगदी कायद्याने.

माझ्यावर ही वेळ आलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका परदेशी विमानतळावर (नाव नाही घेत, उगाच कशाला) मला बाजूला बसवलं, फोन मागितला, आणि मी रावपुऱ्यातल्या मोबाइलवाल्याला स्क्रीनगार्ड लावायला देतो तसा अंगठा लावून उघडून दिला. चाळीस मिनिटं तो माणूस बोट फिरवत बसला होता. मग त्याने मला एका व्हिडिओबद्दल विचारलं जो ग्रुपवर आला होता आणि मी उघडूनही बघितला नव्हता. शेवटी सोडलं, काही झालं नाही. पण रात्री हॉटेलात डोक्यात आलं की माझ्या बहिणीने तिच्या घरातल्या भांडणाबद्दल मला लिहिलेले पंधरा-वीस मेसेज त्याच्यासमोर होते. तिला कोणी विचारलं होतं? मी पण नाही. फोन माझा असला तरी आत अख्खा गोतावळा बसलेला असतो हो. तेव्हापासून मी हा विषय खोदून वाचला, आणि आता गल्लीतले लोक निघायच्या आठ दिवस आधी फोन घेऊन माझ्याकडे येतात. वकील मी नाही, पण वाचलेलं आणि करून बघितलेलं सांगतो.

आधी अमेरिका, कारण आपले निम्मे लोक तिकडेच जातात

अमेरिकेत गल्लीतल्या पोलिसाला तुमचा फोन चाळायचा असेल तर कोर्टाचं वॉरंट लागतं, २०१४ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टाने रायली केसमध्ये हे स्पष्ट सांगितलं. पण बॉर्डरला अपवाद आहे. देशात काय येतंय ते बघायचा सरकारला जुना अधिकार, तो पूर्वी पेट्या आणि ट्रंकांसाठी होता, तोच आता फोनला लावतात. पेटीत दहा साड्या आणि लोणच्याची बरणी असते, फोनमध्ये दहा वर्षांचं आयुष्य असतं, हा फरक कोर्टांना अजून एकमताने पचलेला नाही. तिकडे भागाभागाची अपील कोर्टं असतात, त्यांना सर्किट म्हणतात. बॉस्टनच्या बाजूचं फर्स्ट सर्किट कोर्ट २०२१ मध्ये म्हणालं की साध्या तपासणीला कसलाच संशय लागत नाही. कॅलिफोर्नियाकडचं नाइन्थ सर्किट २०१९ मध्ये म्हणालं की ऑफिसर फक्त फोनमध्येच साठवलेला बेकायदा माल (म्हणजे फोटो, व्हिडिओ, फाइली) आहे का तेवढं शोधू शकतो. अटलांटाच्या बाजूचं इलेव्हन्थ सर्किट २०१८ मध्ये म्हणालं की खोलवर तपासणीला पण संशयाची गरज नाही. आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जिल्हा न्यायाधीशाने जेएफके विमानतळाच्या केसमध्ये वॉरंट हवं असं म्हटलं, पण ते एका न्यायाधीशाचं मत, सगळ्यांना बंधनकारक नाही. म्हणजे तुमचा हक्क केवढा ते तुम्ही कुठल्या शहरात उतरता त्यावर ठरतं, आता बोला.

प्रत्यक्ष कामकाज चालतं ते कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, म्हणजे सीबीपीच्या जानेवारी २०१८ च्या नियमावलीवर. त्यात दोन प्रकार. साधी तपासणी म्हणजे हाताने चाळणं, त्याला कारण लागत नाही. दुसरी म्हणजे फोन मशीनला लावून कॉपी करणं, त्याला ठोस संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण आणि वरच्या साहेबाची परवानगी लागते. दोन्हींत फोन नेटवर्कपासून तोडून, म्हणजे एअरप्लेन मोडवर टाकूनच बघायचा असा नियम आहे. क्लाउडमध्ये, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, जे आहे त्यात शिरायचं नाही, फोनमध्ये जे उतरलेलं आहे तेवढंच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी तयारी यावर उभी आहे.

घाबरायचं किती? त्यांच्या २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४२ कोटी लोक आत आले आणि ४७,०४७ डिव्हाइस तपासली, त्यातली ४,३२२ मशीन लावून. म्हणजे दहा हजारांत एखादा. २०१७ मध्ये हाच आकडा ३०,२०० च्या आसपास होता, तेव्हा वाढतोय हे खरं. लॉटरी लागायची शक्यता कमी असते तसंच हे, फक्त लागली तर बक्षीस उलटं आहे.

तुमच्या पासपोर्टात काय आहे त्यावर सगळं ठरतं

हे घरी, जेवणाच्या टेबलावर ठरवा, काउंटरवर घाम फुटलेला असताना नाही. अमेरिकन सिटिझन असाल तर पासवर्ड दिला नाही म्हणून देशात यायला अडवू शकत नाहीत. तासन् तास बसवतील, फोन ठेवून घेतील, पण आत सोडावंच लागेल. ग्रीन कार्डवाल्यांना पण काउंटरवरून परस्पर परत पाठवता येत नाही, त्यांना इमिग्रेशन जजसमोर जायचा हक्क आहे. इथे एक महत्त्वाचं, जे आजी-आजोबा ग्रीन कार्ड घेऊन आठ-आठ महिने बडोद्यात राहतात त्यांच्यासाठी: आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला तर सही करू नका, तो ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडल्याचा फॉर्म आहे. "जजसमोर जायचंय" एवढंच म्हणा आणि थांबा.

आणि व्हिसावाले, म्हणजे टूरिस्ट, स्टुडंट, एच-वनबी, आपल्यातले बहुतेक. तुम्ही नाही म्हणू शकता, पण ते तुम्हाला परत पाठवू शकतात, आणि एक्स्पेडाइटेड रिमूव्हलचा, म्हणजे जजसमोर न नेता झटपट हद्दपारीचा, शिक्का बसला तर पाच वर्षं दार बंद. तेव्हा उगाच हीरोगिरी सांगणार नाही. कर्ज काढून, आईच्या पाटल्या गहाण टाकून टेक्ससला निघालेल्या पोराला मी "हक्कासाठी लढ" सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक. व्हिसावर असाल तर माझा सल्ला साधा आहे, उघडायला लावला तर उघडा, आणि उघडल्यावर त्यात काही नसेल अशी व्यवस्था आधीच करा.

घरची तयारी

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे जुना फोन. प्रत्येक घरात ड्रॉवरमध्ये एक पडलेला असतो. तो फॅक्टरी रीसेट करा, अपडेट टाका, सिम घाला, आणि प्रवासाला लागतं तेवढंच ठेवा: एअरलाइनचं अ‍ॅप, नकाशा, कॅब, वीस-पंचवीस नंबर. पण अगदी कोरा करकरीत फोन पण डोळ्यात भरतो, म्हणून चार घरचे फोटो असू द्या, कमाटीबागेतले, गणपतीतले. मुख्य फोन घरी, बंद करून.

जुना फोन नसेल तर आहे तोच हलका करायचा. आधी पूर्ण बॅकअप, घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क घरीच ठेवायची. बॅगेत घालून न्यायची नाही, हे सांगावं लागतं कारण एकाने नेली होती. मग फोटो काढून टाका. आणि डिलीट केलं की गेलं असं समजू नका, आयफोनमध्ये "रीसंटली डिलीटेड"मध्ये तीस दिवस पडून असतं, गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो साठ दिवस. तिथूनही रिकामं करा. ईमेलचं अकाउंट फोनमधून रिमूव्ह करा, नुसतं अ‍ॅप लपवून काही होत नाही, नेट तोडलं तरी उतरलेले मेल आत दिसत राहतात.

आता व्हॉट्सअ‍ॅप, खरं दुखणं हेच. सेटिंगमध्ये चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा, पासवर्ड टाका, आणि तो पासवर्ड खरंच लक्षात ठेवा, हरवला तर कंपनी पण काढून देत नाही. बॅकअप पूर्ण झाला की विमानात बसायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप अनइन्स्टॉल. मुक्कामी पोचलात की परत टाका, रीस्टोर करा. यात एक गोची आहे जिच्यात माझी आत्या अडकली: परत टाकताना कोड येतो तो तुमच्या भारतीय नंबरवर, आणि रोमिंग चालू केलेलं नसेल तर न्यू जर्सीत मुलीच्या सोफ्यावर बसून तीन दिवस "मेसेज आला का गं" करत बसाल. रोमिंग आधी चालू करा, आणि ते सिम काढून डबीत टाकू नका. बँकेच्या ओटीपीचं पण तेच. लॉगिनला ओटीपीऐवजी चालणारे गूगलचे दहा बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकडी, ते कागदावर उतरवून घरच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, फोन अडकला तर फोन करून विचारता येतात.

व्हॉट्सअ‍ॅप काढायला जीव होत नसेल (बऱ्याच जणांचा होत नाही, मला माहितीये) तर निदान मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा आणि अँड्रॉइडवर मीडिया व्हिजिबिलिटी, आयफोनवर "सेव्ह टू फोटोज" बंद करा. ग्रुपवर कोणीही काहीही टाकतो, दंगलीचे व्हिडिओ, मारामाऱ्या, कधी त्याहून घाण, आणि ते न विचारता तुमच्या गॅलरीत जाऊन बसतं. गॅलरीत आहे म्हणजे तुमचं आहे, समोरचा असंच धरणार. चॅट लॉकवर भरवसा ठेवू नका, ज्याच्या हातात तुम्ही फोन उघडून दिलाय त्याच्यासाठी ते दार किती टिकणार.

आणि जोक. जोक फार महाग पडू शकतात. "जा तिकडे, बाळ सांभाळ, डेकेअरचे पैसे वाचतील" असं काकांनी टूरिस्ट व्हिसावर निघालेल्या काकूंना गमतीत लिहिलेलं, किंवा "पोचल्यावर पंपावर कॅशमध्ये काम मिळवून देतो" असं मित्राने स्टुडंटला लिहिलेलं, हे ऑफिसर कोऱ्या चेहऱ्याने वाचतो. त्याला आपला स्वभाव माहीत नसतो. स्टुडंट पोरांनो, फोन हा अर्धाच भाग आहे. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये २०१९ पासून मागच्या पाच वर्षांचे सोशल मीडियाचे हँडल विचारतात, आणि जून २०२५ पासून एफ, एम, जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाले) व्हिसावाल्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात. तिथे खोटं लिहू नका, अकाउंट लपवू नका, खोटं सापडलं तर मूळ पोस्टपेक्षा तेच जास्त नडतं. २०१९ मध्ये हार्वर्डला निघालेल्या एका सतरा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला बॉस्टनहून परत पाठवलं होतं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे मित्रांनी टाकलेल्या पोस्टवरून, स्वतःच्या पण नाही. नंतर त्याला येऊ दिलं, पण हाल व्हायचे ते झाले.

लॉक. बोट आणि चेहरा दोन्ही बंद करा, आकडे-अक्षरं मिसळलेला लांब पासकोड ठेवा. आणि विमान उतरायच्या आधी फोन पूर्ण स्विच ऑफ, नुसती स्क्रीन बंद नाही. यामागे कारण आहे: फोन चालू झाल्यावर एकदा पासकोड टाकला की एन्क्रिप्शनच्या, म्हणजे आतली माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या, चाव्या मेमरीत येऊन बसतात, नंतर स्क्रीन लॉक केली तरी त्यातल्या बऱ्याच तिथेच असतात, आणि फोन फोडायची मशीनं त्याचाच फायदा घेतात. बंद करून ठेवलेला फोन जास्त घट्ट असतो. लॅपटॉपचंही तेच, झाकण लावून झोपवू नका, शटडाउन करा, आणि बिटलॉकर (विंडोजवर) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅकवर), म्हणजे डिस्कला कुलूप लावायचं सेटिंग, चालू आहे ना ते आधी बघा. अमदावादहून अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनो, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतात, २०१४ पासून, त्यामुळे फोन अबू धाबीतच बंद करायचा, शिकागो यायची वाट बघायची नाही.

फोन बंद म्हणजे कागद हवेत. आय-२० (कॉलेजने दिलेला स्टुडंट व्हिसाचा फॉर्म), परतीचं तिकीट, राहायचा पत्ता, न्यायला येणाऱ्याचा नंबर, सगळं प्रिंट काढून फोल्डरमध्ये. आपल्या जुन्या लोकांना हे जमतं, पोरांनाच शिकवावं लागतं.

सीए, डॉक्टर, वकील मंडळींसाठी: क्लायंटच्या फाइली, पेशंटचे फोटो घेऊन फिरू नका. माझा एक सीए मित्र कॅनडाला लग्नाला निघाला होता आणि लॅपटॉपमध्ये शंभर-सव्वाशे लोकांची रिटर्न्स. लग्नाला लॅपटॉप कशाला रे बाबा? ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांना मेल टाकून विचारा, लेखी, म्हणजे उद्या काही झालं तर तुमच्या गळ्यात येणार नाही. सीबीपीच्या नियमात वकील-अशिलाच्या गोपनीय कागदांसाठी वेगळी पद्धत आहे, वकील असाल तर ते तोंडाने सांगावं लागतं.

काउंटरवर

शांत. खोटं बोलायचं नाही, अमेरिकेत सरकारी माणसाशी खोटं बोलणं हाच वेगळा गुन्हा आहे. "पासवर्ड विसरलो" हे तर अजिबात नाही. आणि ऑफिसर समोर आल्यावर काही डिलीट करायला जाऊ नका, जे करायचं ते बडोद्यात, तिथे केलं तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं.

फोन मागितला तर विचारा की ही विनंती आहे की ऑर्डर, आवाज न चढवता. ऑर्डर म्हणाले आणि तुम्ही द्यायचं ठरवलं असेल तर "मी संमती देत नाही, पण तुम्ही सांगताय म्हणून उघडतो" असं म्हणता येतं, पुढे वकिलाला त्याचा उपयोग होतो. पासकोड तोंडाने सांगण्यापेक्षा स्वतः टाका. एअरप्लेन मोड लावलाय ना बघा. फोन ठेवून घेतला तर ६०५१-डी नावाची पावती मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. साधारण पाच दिवस ठेवतात असा नियम, वरच्यांच्या परवानगीने वाढतो. ऑफिसरचं नाव, बॅज नंबर, वेळ, काय विचारलं, बाहेर आल्या आल्या कागदावर लिहा, दोन दिवसांनी आठवत नाही.

व्हिसावाल्यांना त्या खोलीत साधारणपणे वकील मिळत नाही. पण दुभाषा मागता येतो. आई-बाबांना हे आवर्जून सांगा, मोडक्या इंग्रजीत "येस येस" करत बसण्यापेक्षा "मराठी" किंवा "हिंदी" म्हणा आणि गप्प बसा. जबाब लिहून सही मागतात, तो वाचून, समजून, मगच सही.

बाकीचे देश पटापट

इंग्लंडमध्ये जास्त जपून. तिथे टेररिझम अ‍ॅक्ट २००० च्या शेड्यूल ७ खाली संशय नसताना पण बसवू शकतात, सहा तासांपर्यंत, आणि पासवर्ड नाकारणं हाच गुन्हा आहे, २०१७ मध्ये एका संस्थेच्या संचालकाला त्यासाठी दोषी धरलं होतं. न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून पासवर्ड न दिल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड. कॅनडात २०२० साली अल्बर्टाच्या अपील कोर्टाने म्हटलं की फोनला नुसतं सामान समजून चाळणं घटनेत बसत नाही, पण ऑफिसर अजूनही पासवर्ड मागतात, नाही म्हटलं तर फोन ठेवून घेऊ शकतात. तिथे पण फोन एअरप्लेन मोडवर टाकूनच बघायचा असं धोरण आहे.

आणि आपल्याकडे? २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टास्वामी केसमध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. पण दुसरीकडे आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली रीतसर आदेश असेल आणि तुम्ही उघडून दिलं नाही तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कस्टमवाल्यांनी अंगझडती घेतो म्हटलं तर कस्टम्स अ‍ॅक्ट १९६२ च्या कलम १०२ प्रमाणे गॅझेटेड ऑफिसर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या असं म्हणायचा हक्क आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. येताना अजून एक: तिकडच्या भाच्याने ट्रेकिंगसाठी दिलेलं सॅटेलाइटवर चालणारं मेसेज पाठवायचं यंत्र आणू नका, भारतात परवानगीशिवाय ते बेकायदा आहे, त्यावरून परदेशी पर्यटकांना विमानतळावर धरलंय.

फोन परत मिळाल्यावर

नजरेआड गेलेला फोन म्हणजे बाहेरचं पाणी, उकळल्याशिवाय प्यायचं नाही. दुसऱ्या डिव्हाइसवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला, पासकोड बदला, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, अनोळखी काही असेल तर लॉगआउट. मशीनला लावला असावा असं वाटलं तर सरळ रीसेट करून बॅकअप टाका. दर वेळी तुम्हालाच बाजूला घेत असतील तर अमेरिकेत डीएचएस ट्रिप म्हणून तक्रारीची सोय आहे, ऑनलाइन अर्ज करून एक नंबर मिळतो तो पुढच्या तिकिटात टाकायचा. आणि ज्यांचे मेसेज दिसले असतील त्यांना सांगा, लाजू नका. मी बहिणीला सांगितलं, आठ दिवस बोलली नाही, मग बोलली.

आत्या गेल्या दिवाळीनंतर परत न्यू जर्सीला गेली. फोनमध्ये सतरा फोटो, त्यातले नऊ नातवाचे, व्हॉट्सअ‍ॅप नाही, रोमिंग चालू, कागदांचा फोल्डर काखेत. अनारसे मात्र नेले, अमेरिकेत खसखशीला बंदी नाही, विचारलं तर खरं सांग म्हटलं. त्यांनी विचारलं. फोन बघितलाच नाही, डबा मात्र उघडून बघितला.